रात्री, तमाशे आणि पाप

मुकुंदा,

तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल इतकं चांगलं बोलतायत की मला शंका यायला लागलीय, आपण एकाच माणसाबद्दल बोलतोय ना? 'मृदुभाषी' म्हणाले तुला. तू! ज्याच्या नुसत्या शिंकेनं आमच्या मारतहळ्ळीच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायला लागायचं. 'वेळेचे पक्के' म्हणाले. अकराला येतो सांगून साडेबाराला उगवायचास आणि 'ट्रॅफिक' एवढा एकच शब्द टाकून पोह्यांची बशी पुढे ओढायचास. 'निगर्वी' म्हणाले, तेव्हा मात्र मी पदर तोंडाला लावला. शेजारच्या बाईंना वाटलं मला हुंदका आला. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. मी फिरवू दिला.

पण मी हे सांगायला लिहीत नाहीये. तुला एक बातमी द्यायचीय. तुझ्यामाझ्या भांडणाचा निकाल लागलाय. तू हजर नव्हतास, तेव्हा तुला कळवणं माझं काम. आणि गोष्ट सुरुवातीपासून सांगायची, हा माझा हट्ट तुला माहीत आहे. त्यावर जबडा तुटेस्तोवर जांभई देण्याचा तुझा अभिनयही मला माहीत आहे. या वेळी ती सोय नाही. ऐक.

सुरुवात मंडळाच्या जिन्यावर. गणपतीचे दिवस, मी लग्न होऊन पुण्याहून नुकतीच बेंगळुरूला आलेली, नवी साडी, नवी चप्पल, हातात खिरापतीचं ताट. नव्या चपलेनं दगा दिला. मी तीन पायऱ्या बसून उतरले आणि माझ्या पुढे खोबऱ्या-साखरेचा सडा. तेवढ्यात वरून एक बाई कळवळून म्हणाल्या, "अय्यो पापऽ!"

"पाप?" मी जमिनीवरूनच विचारलं. "पाय घसरला माझा! पाप कसलं त्यात?"

त्या बाई गोंधळून बघत राहिल्या. आणि तू, मळकी लेंगा-झब्ब्याची जोडी, खांद्यावर टाळ, माझ्या शेजारी पायरीवर उकिडवा बसलास.

"बाई, त्या पद्मम्मा. आमच्या शेजारीण. त्या तुम्हाला 'बिचारी' म्हणतायत. कन्नडमध्ये पाप म्हणजे बिचारं."

"आणि पापाला काय म्हणतात?"

"पापच." मग माझ्याकडे नीट बघून म्हणालास, "पुण्याच्या का?"

"कशावरून?"

"पडल्यावरही उठायच्या आधी वाद घालताय."

त्या दिवसापासून सगळं शहर तुला अण्णा म्हणत असताना मी तुला अरे-तुरे करत आले आणि तू मला 'पुणेकर' म्हणत आलास. माझं नाव मीनल आहे, हे तुला माहीत होतं की नाही, याबद्दल मला आजही खात्री नाही.

तुझ्या कार्यक्रमाचं नाव 'मलगो मुंचे', म्हणजे झोपण्याआधी. रात्री साडेदहाला लोक अंथरुणावर आडवे होऊन मुक्कण्णाला बघायचे. मुकुंदाचा मुक्कण्णा, तीन डोळ्यांचा. हेही नाव तूच स्वतःला दिलंस, निगर्वी माणसा. लोकांना वाटायचं, बिचारा आपल्यासाठी जागतोय. त्यांना काय ठाऊक, तू त्या वेळी घोरत असायचास. चित्रीकरण दुपारी जेवणानंतर, के. आर. पुरमच्या पुढे, पत्र्याच्या शेडमध्ये. बाहेर टळटळीत ऊन, आत काळा पडदा, पडद्यावर शहराचे दिवे आणि एका दोरीला बांधलेला प्लायवूडचा चंद्र. प्रेक्षक नुकतेच सांबारभात जेवून आलेले. 'दुपारी दोनला पेंगणाऱ्या माणसाला जो हसवतो, तो रात्री कुणालाही हसवू शकतो,' असं तू म्हणायचास. चांगलं वाक्य होतं. दर मुलाखतीत वापरलंस.

बसवनगुडीहून स्टुडिओला जाताना वाटेत आमचं घर. तिथे तुझी परीक्षा व्हायची. ही तुझी पद्धत मी इतर कुणाकडे पाहिली नाही. विनोद करायचा कन्नडमध्ये, पण आधी तो माझ्या जेवणाच्या टेबलावर मराठीत सांगून बघायचा. "बोलीची गंमत कुठल्याही भाषेत आपोआप येते गं. ती काढून घेतल्यावर खाली काही उरतंय का, ते बघायचंय." मी हसले की 'पास'. मग तू म्हणायचास, "सरी, ठीक. कन्नडमध्ये घालतो." मी नाही हसले की 'नापास', आणि तू पोह्यांत मीठ कमी असल्याचं जाहीर करायचास. श्रीकांतचा उपयोग वेगळा होता. आमचे हे सरकारी कारखान्यात इंजिनीअर, हसण्याच्या बाबतीत अतिशय काटकसरी. सुट्टीच्या दिवशी ते टेबलावर असले आणि चुकून हसले, तर तू दचकायचास. "श्रीकांतराव हसले? मग फार सोपा आहे. काढून टाक."

परवा श्रीकांत स्वतःहून एक विनोद सांगायला लागला. मला बरं वाटावं म्हणून. टेबलावर, तुझ्याच खुर्चीत बसून. मी रडायला लागले. त्याला वाटलं विनोद इतका वाईट होता. होताच.

तर भांडण. ते त्या रिक्षावाल्याच्या विनोदापासून सुरू झालं. नवा आलेला आयटीतला मुलगा. त्याला कन्नडमधलं एकच वाक्य पाठ, 'कन्नड गोत्तिल्ला', मला कन्नड येत नाही. पण ते वाक्य तो इतक्या झोकात म्हणतो, की रिक्षावाल्याला वाटतं हा आपली फिरकी घेतोय. "इतकं सुरेख बोलतोस आणि येत नाही म्हणतोस?" तो चिडून कन्नडमधून भाषण सुरू करतो. मुलगा घाबरून पुन्हा म्हणतो, 'कन्नड गोत्तिल्ला', आणखी झोकात. असं के. आर. पुरम स्टेशनपर्यंत. मी हसून हसून टेबलावर डोकं ठेवलं. "पास! पास! थांब इथेच."

तू थांबला नाहीस. म्हणालास, "स्टेशन येतं. रिक्षावाला मागे वळतो आणि म्हणतो, 'तुझ्याइतकं मन लावून माझं घरात कुणी ऐकत नाही रे.' आणि निघून जातो."

माझं हसू तिथल्या तिथे विझलं. "हे कशाला? हसत होते ना मी? दया आली की हसू आटतं, मुकुंदा."

"आटू दे. लोक हसले की अर्धा विनोद झाला. हसून झाल्यावर मागच्या रांगेतून कुणीतरी 'पापऽ' म्हणालं, की पूर्ण."

"आणि नाही म्हणालं तर?"

"तर आपण फक्त कुणाला तरी हसलो. ते मराठीतलं पाप."

आता सांग, यावर माणसानं काय बोलावं? मी बोलले. वर्षानुवर्षं बोलले. तू टाळ्यांच्या शिखरावरून उतरून मुद्दाम त्या शांततेच्या खड्ड्यात उडी मारायचास आणि मी इकडे टीव्हीपुढे उशी बडवायचे. पुढे एचएसआर लेआउटमध्ये कॅफेच्या तळघरात मुलंमुली उभं राहून विनोद सांगायला लागली. तू मला घेऊन गेलास, मागे बसून शाळकरी पोरासारखा खिदळलास, आणि शेवटी एका नागपूरच्या मुलीला गाठून विचारलंस, "बाळा, फार छान. पण त्यात पाप कुठंय?" ती म्हणाली, "सर, पंचलाइननंतर ते घातलं तर पंचलाइन मरते ना." मी तिला मिठी मारली. परतीच्या वाटेवर सिल्क बोर्डच्या सिग्नलपर्यंत तू माझ्याशी बोलला नाहीस. तो शहरातला सगळ्यात तुंबलेला सिग्नल असल्यामुळे हे मौन बरंच लांबलं.

पण या सगळ्याच्या मुळाशी एक गोष्ट होती, जी तू कधीच सांगितली नाहीस. तुझ्याकडची सगळ्यात भारी गोष्ट. मी दर दिवाळीला विचारायचे, "ती कधी?" आणि तू म्हणायचास, "पाप सापडलं की."

ती गोष्ट तुझ्यापेक्षा कुणाला जास्त ठाऊक? तरी सांगते, कारण हे वाचणाऱ्या बाकीच्यांना सांगायला हवी. आणि आता परवानगी मिळालीय. कशी, ते पुढे.

शैलानं तुला पुण्यातल्या एका लग्नात पाहिलं होतं आणि मनातल्या मनात हो म्हणून टाकलं होतं. तिचे वडील नाशिकला मराठीचे मास्तर. व्याकरण शिकवण्यात हयात गेलेली. शब्दावर देवासारखा विश्वास. ते तुला बघायला एकटे बेंगळुरूला आले. तुमच्याकडे पोहे तयार, तू इस्त्रीच्या शर्टात ताठ बसलेला. पण मास्तरांचा नियम असा, की आधी शेजारी चौकशी करायची आणि मगच उंबरा ओलांडायचा. शेजारी दारात पद्मम्मा रांगोळी घालत होत्या.

मास्तरांनी हिंदीत विचारलं, बाजूचा मुलगा कसा आहे? पद्मम्मांचं हिंदी मालिकांपुरतं. पण तुझं कौतुक करायची संधी त्या कशी सोडतील? चेहरा फुलवून म्हणाल्या, "अच्छा हुडुगा! रोज रात्री तमाशे माडताने!" पोरगा गुणी आहे, रोज रात्री विनोद करतो. मग तुझं अजून लग्न नाही, हे आठवून त्यांना भरून आलं. मान हलवत म्हणाल्या, "पापऽ. ओब्बने." बिचारा, एकटाच आहे.

एवढ्या बोलण्यातले तीनच शब्द मास्तरांच्या कानात रुतले. तिन्ही शुद्ध मराठी. रात्री. तमाशे. पाप.

ते रांगोळीला वळसा घालून आल्या वाटेनं परत गेले.

इथपर्यंतही एक वेळ सावरलं असतं. पण दुसऱ्या दिवशी त्यांनी नाशिकहून तुझ्या आईला फोन लावला. "माफ करा. आमच्यात तमाशा करणाऱ्यांच्या घरात मुलगी देत नाहीत." आणि तुझी आई! तीन पिढ्या बेंगळुरूत काढलेली बाई, तिच्या मराठीतसुद्धा तमाशा म्हणजे थट्टामस्करीच. ती मोकळेपणानं म्हणाली, "अहो, त्यात काय एवढं? लहानपणापासून करतो तो. आमच्याकडे सगळेच करतात. ह्यांनी तर देवळातसुद्धा सोडला नाही. मीही करते की, स्वल्प स्वल्प."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. तुझी आई म्हणाली, "रेंज गेली वाटतं." घरचा काळा, तारेचा फोन होता तो.

मग तू माझ्याकडे आलास. तुला विनोद सुचत नव्हता, हे मी पहिल्यांदा पाहिलं. म्हणालास, "पुणेकर, तुझं मराठी त्यांच्या मराठीसारखं आहे. तू बोल." मी फोन लावला. "काका, इकडे तमाशा म्हणजे विनोद हो. मुलगा टीव्हीवर विनोदी कार्यक्रम करतो."

मास्तरांनी 'विनोद' हा शब्द दोनदा स्वतःशीच म्हणून पाहिला. मग, "आणि पाप?"

"पाप म्हणजे बिचारा."

"मग इकडच्या पापाला तिकडे काय म्हणतात?"

"तेही पापच."

मास्तर व्याकरणाच्या तासाला बसल्यासारखे म्हणाले, "एकच शब्द, दोन अर्थ, आणि दोन्ही रोजच्या वापरातले. मग ऐकणाऱ्याला कळायचं कशावरून?"

तू समोर हात जोडून उभा. मी तुझ्याकडे बघितलं आणि तोंडात आलं ते बोलले, "चेहऱ्यावरून."

लग्न झालं. पण लग्नाच्या पंगतीत तुझ्या मामांनी ही गोष्ट उभं राहून, नकला करून सांगितली. सगळा मांडव लोळला. मीही लोळले, खोटं कशाला बोलू? फक्त शैलानं बघितलं, की तिचे बाबा पानावरून उठले आणि बाहेर चपलांच्या ढिगाशी जाऊन, हसणं ओसरेपर्यंत भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. जन्मभर शब्दांचे अर्थ सांगितलेला माणूस, आणि शब्दानंच त्याला भर मांडवात फसवलेला. त्या रात्री तिनं तुला एकच गोष्ट मागितली. ही गोष्ट पुन्हा नाही. टीव्हीवर नाही, घरात नाही, कुठंच नाही.

आणि तू पाळलंस, मुकुंदा. मंत्र्यांना सोडलं नाहीस, मला तर दर आठवड्याला नाव बदलून टीव्हीवर काढलंस, पण ही गोष्ट नाही. मास्तर गेल्यावरही नाही. मी म्हणायचे, आता कुणाला दुखणार आहे? तू म्हणायचास, "शैलाला. आणि खरं सांगू? मी सांगून बघितलीय मनात. प्रत्येक वेळी मी हुशार निघतो आणि ते वेडे. त्यांच्यासाठी कुणी पापऽ म्हणत नाही. त्यांच्या बाजूनं शेवटच सापडत नाही गं."

शेवटचं भेटलो ते हॉस्पिटलात, सकाळी, इडली नाकारण्यावरून तुझं नर्सशी चाललं होतं. मला बघून म्हणालास, "माझ्या शोकसभेत रडगाणं नको. लोकांना एकदा तरी हसव. खरं, पोटातून. नाही हसवलंस तर भूत होऊन रोज अकराला तुझ्या टेबलावर येईन."

"मग मुद्दामच नाही हसवणार," मी म्हटलं.

तू हसलास. मग मी काहीतरी म्हणणार होते. इतकी वर्षं म्हणायचं राहिलेलं, साधंच काहीतरी. पण नर्स इडली घेऊन परत आली आणि तू पुन्हा युद्धावर गेलास. राहू दे. तुला कळलं असणार. चेहऱ्यावरून.

आता सभा. मंडळाचा हॉल गच्च. अर्धे मराठी, अर्धे तुझे कन्नड लोक, पत्र्याच्या शेडमधले दिवेवाले, कॅमेरावाले. तुझा फोटो तो एक भुवई वर असलेला. हार घातल्यावर असं वाटत होतं की तुला हारातल्या फुलांच्या ताजेपणाविषयी शंका आहे. पद्मम्मा पहिल्या रांगेत, चाकाच्या खुर्चीत, शेजारी त्यांची नात. शैला तुझ्या फोटोच्या बरोबर समोर. अध्यक्ष नाना. तुला नाना आठवतात ना? निवृत्त होऊन मुंबईहून मुलाकडे एचएसआर लेआउटला आले आणि आल्या आल्या बिनविरोध अध्यक्ष झाले. कन्नड शून्य. नाना म्हणाले की तुझ्या जाण्यानं पोकळी निर्माण झालीय. मला वाटलं, या शहरातल्या रस्त्यांना आधीच काय कमी पोकळ्या आहेत? पण हे तू म्हणायला हवं होतंस. मी गिळलं.

मग माझी पाळी. मी चंद्राची गोष्ट काढली. चित्रीकरण चालू असताना दोरी तुटून तो प्लायवूडचा चंद्र तुझ्यामागे धाडकन पडला, आणि तू मागे वळूनही न बघता म्हणालास, "अमावास्या उद्या होती ना?" हमखास गोष्ट. कधी फसली नव्हती. मी सगळे हातवारे केले, धाडकनला टेबल बडवलं. आणि काहीच झालं नाही, मुकुंदा. प्रत्येकाच्या ओठावर हसू आलं, पण हसण्याआधी प्रत्येकानं शैलाकडे बघितलं. शैला मांडीवरच्या हातांकडे बघत होती. हसू आल्या पावली परत गेलं. मी दुसरी सांगितली. तीही गेली. नवऱ्याला जाऊन पंधरवडाही न झालेल्या बाईसमोर कोण हसणार? मी माइकपुढे घामाघूम. तुझी अट हसवण्याची, आणि हॉल असा, जणू मी दुखवट्याचा ठराव वाचतेय. मनात म्हटलं, आता हा रोज अकराला येणार. आणि खरं सांगते, क्षणभर वाटलं, येऊ दे.

तेवढ्यात शैला उठली. "मीनल, माइक दे. मला बोलायचंय, स्वल्प."

शैला! मंडळाच्या हळदीकुंकवाला आभार मानायला सांगितलं तरी जिची जीभ टाळ्याला चिकटायची. सगळे रुमाल बाहेर निघाले. तिनं माइक दोन्ही हातांनी धरला आणि म्हणाली, "माझे बाबा नाशिकला मराठीचे मास्तर होते."

मी मटकन खाली बसले.

तिनं सगळं सांगितलं. अर्धं मराठीत, अर्धं कन्नडमध्ये, एकही हातवारा न करता. रांगोळी. तीन शब्द. तुझ्या आईचा फोन. 'स्वल्प स्वल्प'ला कॅमेरावाल्यांच्या रांगेतून एक फुसकं हसू निसटलं, कुणीतरी त्याला कोपर मारलं. ती थांबली नाही. पंगत सांगितली. चपलांचा ढीग सांगितला. इथपर्यंतची गोष्ट मला माहीत होती. पुढची नव्हती. तुलाही नव्हती. म्हणून तर हे लिहायला बसलेय.

"लग्नानंतर बाबांनी छतावर टीव्हीची तबकडी लावून घेतली," शैला म्हणाली. "आईला सांगितलं, बातम्यांसाठी. रोज रात्री साडेदहाला आई झोपली की हे 'मलगो मुंचे' लावून बसायचे. कन्नडचं एक अक्षर येत नव्हतं. सकाळी मला फोन. 'शैला, काल पाप आलं बरं का.' नाहीतर, 'काल काही आलं नाही. तब्येत बरी आहे ना जावयांची?' मी म्हणायचे, बाबा, तुम्हाला कळतं का काही? म्हणायचे, 'शब्द नाही कळत. पण लोक आधी हसतात, मग पापऽ म्हणतात, तेव्हा त्याचा चेहरा बघतो मी. तो चेहरा पाप करणाऱ्याचा नाही.' जाईपर्यंत बघत होते. मला शपथ घातली होती, जावयांना सांगू नकोस. त्यांना वाटेल मी हसतो."

मी तुझ्या फोटोकडे बघितलं. तुझी भुवई वरच होती.

"बाबा गेल्यावर ह्यांना सांगणार होते," शैला म्हणाली. "रोज सांगणार होते. पण ह्यांचा काय भरवसा? दुसऱ्या दिवशी टीव्हीवर सांगून मोकळे झाले असते."

हॉलमध्ये अर्धा हुंदका, अर्धं हसू असं काहीतरी उठलं आणि मधेच लटकलं. कुठे पडावं ते त्याला कळेना. आणि त्या लटकलेल्या शांततेत पहिल्या रांगेतून, कानानं अधू माणसं बोलतात तशा खणखणीत आवाजात, पद्मम्मा कळवळल्या, "अय्यो पापऽ! अवरिगे हागे यारु हेळिद्दु?" बिचारे! त्यांना असं सांगितलं तरी कुणी?

नात त्यांच्या कानाशी वाकली, पण कानाशी म्हणजे ओरडूनच. "अज्जी, नीने!" अगं आजी, तूच!

पद्मम्मांनी छातीवर हात ठेवला, डोळे मोठे केले. "नाना?"

कन्नडमध्ये 'नाना?' म्हणजे 'मी?' पण हे आमच्या अध्यक्षांना कुठून कळणार? व्यासपीठावरून नाना ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "मी? नाही हो! मी कुणाला काही सांगितलं नाही!"

मुकुंदा, छप्पर उडालं. दिवेवाले एकमेकांच्या गळ्यात पडले. श्रीकांत हसला, आवाज करून. आमच्या लग्नात तो असा हसला नव्हता. नाना कुणीतरी समजावून सांगेल म्हणून हात जोडून सगळीकडे बघत होते. आणि शैला, माइक तसाच हातात, पदर तोंडात कोंबून हसत होती, डोळ्यांतून धारा, माइकमधून सगळ्या हॉलला ऐकू जात होतं. कितीतरी वेळ.

मग हसणं ओसरलं, तसं ओसरतंच. आणि तेव्हा मागच्या रांगेतून, खरोखर मागच्याच रांगेतून, कुणीतरी हळूच म्हणालं, "पापऽ."

मास्तरांसाठी होतं, की पद्मम्मांसाठी, की नानांसाठी, की तुझ्यासाठी, ते मला सांगता येणार नाही. मी वळून चेहरा बघितला नाही. बघवला नसता.

तेव्हा निकाल असा. भांडण तू जिंकलास. शेवट होता, आणि तो मास्तरांच्याच बाजूचा होता. फक्त तो तुझ्याकडे नव्हता, तुझ्याच स्वयंपाकघरात कुलूपबंद होता. हसवण्याची अटही पुरी झाली, तिचं श्रेय मात्र माझं नाही, पद्मम्मांचं आणि नानांचं आहे. त्यामुळे भूत होऊन येण्याचं तुला आता काही कारण उरलेलं नाही. आलास तर पोहे आहेत. मीठ बरोबर आहे.

आणि ती गोष्ट, मुकुंदा? पास. कन्नडमध्ये घाल.